तो पांढरा डोळा रिटच करू नका : गावोगावच्या फोटोग्राफर मंडळींना खुले पत्र

बारशापासून बोरन्हाणापर्यंत बाळांचे फोटो काढणाऱ्या सर्व फोटोग्राफर मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या धंद्यातला नाही. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली, म्हणजे चष्म्याचे नंबर काढले, शाळा तपासल्या, मोतीबिंदूच्या शिबिरांना गाड्या भरभरून माणसं नेली. आता निवृत्त आहे. हे पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहितोय, कारण ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय ती डॉक्टरांच्या कितीतरी आधी तुमच्या स्क्रीनवर येते. आणि तुम्ही ती अगदी चांगल्या मनानं पुसून टाकता.

काही वर्षांपूर्वी एक बाई सव्वादोन वर्षांच्या मुलीला घेऊन ओपीडीत आली. उजवा डोळा लाल, थोडा पुढे आलेला, बाहुलीत पांढरट पिवळं काहीतरी. कधीपासून, विचारलं. आई म्हणाली, पंधरा दिवस झाले. मागे उभी असलेली आजी म्हणाली, "पंधरा दिवस कुठले? वरीस झालं. दिवेलागणीला बघितलं की मांजरीवाणी चमकायची. माझं कोण ऐकतंय." आईला राग आला. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या वाढदिवसाचा अल्बम घेऊनच आली. चांगला जाडजूड करिझ्मा अल्बम, कव्हरवर मुलीचं नाव सोनेरी अक्षरांत. पान न् पान बघितलं. दोन्ही डोळे काळेभोर, टपोरे. आजी खोटी पडली.

मला राहवेना. स्टुडिओ बाजारपेठेतच होता. संध्याकाळी गेलो आणि फोटोग्राफरला म्हटलं, मूळ फाइली आहेत का? पोरगा व्यवस्थित होता, वर्षवार फोल्डर लावून ठेवलेले. केक कापतानाचे फोटो उघडले. हॉलमधले दिवे घालवलेले, मेणबत्ती पेटलेली, समोरून फ्लॅश मारलेला. एक, दोन, तीन करत मी नऊ फोटो मोजले. प्रत्येकात डावी बाहुली लालसर आणि उजवी पांढरी, टाचणीच्या डोक्यासारखी लखलखीत.

"हां, ते होय," तो म्हणाला. "फ्लॅशचा फॉल्ट आला होता साहेब. मग डावा डोळा कॉपी करून, पलटी मारून बसवला. एकेका फोटोला दहा मिनिटं गेली. कळतंय का बघा!"

खरंच कळत नव्हतं. काम इतकं सफाईदार होतं. मी गप्प राहिलो, आणि मग त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं.

आता या पोराला दोष देण्याआधी माझं ऐका. ती मुलगी दीड वर्षाची असताना आमच्याच शिबिरात येऊन गेली होती. जुना केसपेपर सापडला, अक्षर माझं. "उ. डोळा तिरळा. मोठी झाल्यावर चष्म्यासाठी दाखवणे." समोर मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांची रांग होती, टॉर्च मारला आणि लिहून मोकळा झालो. लहान मुलाचा डोळा नव्यानं तिरळा झाला तर बाहुली मोठी करून आतला पडदा तपासल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं. त्या पोराला कुणी काहीच शिकवलं नव्हतं. आमच्या दोघांच्या चुकीत मोठा फरक आहे तो हा.

मुलीला मुंबईला पाठवलं. डोळा काढावा लागला, केमोथेरपी झाली. आता ती शाळेत जाते, कृत्रिम डोळा सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. तिचं निभावलं. पण वाढदिवसाच्या त्या आठवड्यात ती आली असती तर कदाचित डोळाही राहिला असता, हे मला माहीत आहे आणि त्या फोटोग्राफरलाही.

या आजाराचं नाव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा कॅन्सर. होतो तो जवळजवळ फक्त लहान मुलांना, आणि बहुतेक केसेस पाच वर्षांच्या आतच सापडतात. तेरा नंबरच्या गुणसूत्रावर आरबी-१ नावाचं एक जनुक असतं, पेशींच्या वाढीला लगाम घालणारं. ते निकामी झालं की पडद्याच्या पेशी मोकाट वाढतात. काही मुलांमध्ये ही खोट जन्मापासून शरीरातल्या सगळ्या पेशींत असते. मग दोन्ही डोळ्यांना धोका राहतो आणि भावंडांनाही तपासावं लागतं. बाकीच्यांत ती त्या एकाच डोळ्यात घडते. आईनं ग्रहणात काय केलं, कुणाची दृष्ट लागली, मोबाइल किती बघितला, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुम्ही फ्लॅश मारला म्हणूनही तो होत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण घाबरलेले आईबाप असं काहीही बोलू शकतात.

बाळ दुखतंय म्हणून रडत नाही. एका डोळ्यानं दिसत नाही हे त्याला सांगता येत नाही, कारण दोन डोळ्यांनी बघणं म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं. दुसऱ्या डोळ्यावर ते खेळतं, धावतं, मोबाइल ओढतं. गाठ आत वाढत राहते आणि वरून डोळा सुंदर दिसतो. घरच्यांना दिसली तर दिसते ती एकच खूण, बाहुलीतली पांढरी चमक. २०१७ मध्ये जगभर सापडलेल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला, १५३ देशांतली ४,३५१ मुलं. त्यातली जवळजवळ ६३ टक्के या चमकेमुळे दवाखान्यात पोचली होती आणि साधारण १० टक्के तिरळेपणामुळे. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला झोपू देत नाही. निदान होताना मुलाचं मधलं वय, म्हणजे निम्मी मुलं ज्याच्या आत आणि निम्मी ज्याच्या पुढे सापडतात ते, श्रीमंत देशांत १४ महिने, गरीब देशांत ३० महिने. या सोळा महिन्यांत काय होतं? श्रीमंत देशांत आजार डोळ्याबाहेर गेलेली मुलं शंभरात दीड, गरीब देशांत एकोणपन्नास. कॅन्सर तोच, मुलंही तशीच. पहिले वेळेत पोचले, दुसरे नाही.

आता तुमच्या भाषेत. लेन्सच्या अगदी जवळ फ्लॅश असला की प्रकाश बाहुलीतून थेट आत शिरतो, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मागच्या थरावर आपटतो आणि आल्या वाटेनं परत लेन्समध्ये येतो. म्हणून रेड आय. तुम्ही ज्याला फोटोचा दोष म्हणता ती आमच्या दृष्टीनं डोळा स्वच्छ असल्याची खूण. डॉक्टर हातातल्या ऑप्थॅल्मोस्कोपनं बघतात तीही हीच लाली. वाटेत पांढरी गाठ आली तर लाल प्रकाश परतत नाही, पांढरा परततो.

यातून काही गोष्टी तुम्हालाच माझ्यापेक्षा लवकर कळतील. सॉफ्टबॉक्स, छत्री, छताला मारलेला बाउन्स यात प्रकाश बाजूनं येतो, बाहुली काळीच दिसते. म्हणजे टोपलीत झोपवलेल्या बाळाच्या त्या गोड बेबी शूटमध्ये काही दिसणार नाही. दिसेल ते हॉलमध्ये, कॅमेऱ्यावरच लावलेल्या फ्लॅशमध्ये. त्यातही दिवे घालवून केक कापताना जास्त, कारण अंधारात बाहुली मोठी झालेली असते. खिडकीजवळच्या उजेडात ती बारीक होते. कॅमेऱ्यातलं रेड आय रिडक्शन आधी एक झपका मारून बाहुली आकसवतं, आणि मोबाइलमधलं सॉफ्टवेअर तर न विचारताच डोळे काळे करून टाकतं. गाठ लहान असेल आणि मधोमध नसेल तर ती फक्त एखाद्या कोनातून चमकते. पन्नास फोटोंत दोनच पांढरे, म्हणून सोडून देऊ नका. आणि उलटंही लक्षात ठेवा, सगळे फोटो छान आले म्हणजे डोळा निर्दोष असं प्रमाणपत्र कुणाला देऊ नका.

प्रत्येक पांढरा डोळा कॅन्सर नसतो, हे आधीच सांगतो, नाहीतर माझं पत्र वाचून तुम्ही निम्म्या गावाची झोप उडवाल. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते ती जागा मुळातच फिकट असते. बाळ कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघत असलं, एक डोळा थोडा नाकाकडे वळलेला असला, की फ्लॅश नेमका तिथे पडून तो डोळा पांढरट पिवळा येतो. असे फसवे फोटो भरपूर निघतात. बाळ सरळ लेन्सकडे बघतंय, तरी एकच डोळा पांढरा. किंवा वेगवेगळ्या फोटोंत, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा तोच डोळा. किंवा एक लाल आणि दुसरा सतत फिका, असं असेल तर मात्र थांबा. शंका आली तर आणखी दोन-चार फोटो सरळ फ्लॅशनं घ्या, एवढंच. आणि कॅन्सर नाही निघाला तर काय निघतं? जन्मजात मोतीबिंदू, पडद्याचे दुसरे आजार, कधी दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक. यातलं काहीही असलं तरी लहान वयातच उपचार हवेत. म्हणजे तुमचं सांगणं क्वचितच फुकट जाईल.

अमेरिकेत टेक्सासच्या बेलर विद्यापीठात ब्रायन शॉ नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या मुलाला अगदी तान्हेपणी हा आजार निघाला. नंतर त्यांनी घरातले हजारो फोटो तारीखवार लावून तपासले, तर पहिली पांढरी चमक मूल बारा दिवसांचं असतानाच्या फोटोत होती. बारा दिवस! आपल्याकडे बारसं होतं त्या सुमाराला. मग त्यांनी फोटोंतून अशी चमक शोधणारं मोबाइल ॲप बनवलं. २०१९ मध्ये त्यांच्या गटानं प्रसिद्ध केलेल्या चाचणीत डोळ्यांचे आजार असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांच्या जुन्या घरगुती फोटोंत ॲपनं खूण पकडली, निदानाच्या सरासरी १.३ वर्षं आधीच्या फोटोंत. म्हणजे पुरावा घरातच होता, अल्बममध्ये. आपल्याकडे तो अल्बम बनवणारे हात तुमचे आहेत आणि तुमची नजर कुठल्याही ॲपपेक्षा तयार आहे. नवरीच्या नथीवरचा एक खोटा चकाकता ठिपका तुम्ही लाखभर पिक्सेलांतून शोधता.

हिशेबही मांडतो, म्हणजे उगाच धास्ती नको. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका मुलाला हा आजार होतो. तुम्ही वर्षाला शंभर बाळांचे फोटो काढलेत आणि तीस वर्षं धंदा केलात, तरी तीन हजार बाळं होतात. तुमच्यासारखे पाच-सहा जण एकत्र केले तर त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत मिळून एखादं मूल. तुमच्यातल्या बहुतेकांना हा फोटो कधीच दिसणार नाही. पण भारतात दरवर्षी सुमारे दीड हजार मुलांना हा आजार होतो, आणि बारसं, जावळ, पहिला वाढदिवस, हलव्याचे दागिने घालून काळ्या झबल्यातलं बोरन्हाण हे सगळं नेमकं त्याच वयात येतं. त्यातल्या कुठल्यातरी कार्यक्रमाला तुमच्यापैकी कुणीतरी उभं असतंच.

दिसलाच, तर बोलायचं कसं? हे अवघड आहे, मला माहीत आहे. पैसे घेऊन आनंदाचं काम करायला आलेल्या माणसानं असलं काही काढायचं म्हणजे जीव वर येतो. पुढची ऑर्डर जाईल हीही भीती. त्यामुळे कॅन्सर हा शब्द तोंडातून काढू नका. तो काढायचा अधिकार तुम्हाला नाही आणि फक्त फोटो बघून मलाही नाही. आईला किंवा वडिलांना बाजूला घ्या, कार्यक्रम संपल्यावर, आणि म्हणा, "ताई, बाळाच्या या डोळ्यात फोटोत वेगळी चमक येतेय. बऱ्याचदा ती कोनामुळे येते. पण या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि हा फोटो सोबत न्या." मूळ फोटो, रिटच न केलेला, त्यांच्या मोबाइलवर पाठवा. घरच्यांच्या ग्रुपवर नाही, फक्त त्यांना. दोन-तीन दिवसांनी एक फोन करा. लोक "बघू" म्हणतात आणि पेरणी येते, लग्न येतं, राहून जातं.

डॉक्टरांकडे काय मागायचं तेही सांगा, कारण माझ्यासारखा टॉर्च मारून सोडणारा कुणी भेटू शकतो. थेंब टाकून, बाहुली मोठी करून मागच्या पडद्याची तपासणी. बाळ फारच लहान किंवा चळवळं असेल तर ती भूल देऊन करतात. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्र विभाग, गरज पडली तर परळचं टाटा मेमोरियल. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते मुलाला पुढे पाठवू शकतं. हा कार्यक्रम देशात सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, ६ फेब्रुवारी २०१३ ला. खर्चाचं विचारलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची रुग्णालयात चौकशी करायला सांगा. पण पथक येईपर्यंत थांबा असं मात्र सांगू नका.

"डोळा काढतील" ही सगळ्यात मोठी भीती, आणि त्या भीतीनं लोक जडीबुटीवाल्याकडे जातात. आजार लवकर सापडला तर केमोथेरपी, लेसर, अतिशीत उपचार, डोळ्यावर काही काळ बसवायची किरणोत्सारी चकती, असे मार्ग असतात. रुथेनियमची अशी चकती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं देशातच तयार केली आहे. उशीर झाला तर डोळा द्यावा लागतो, पण मूल राहतं. प्रगत देशांत शंभरातली पंच्याण्णवहून जास्त मुलं वाचतात.

तुमच्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांबद्दलही थोडं. पासपोर्ट फोटोला एकच गिऱ्हाईक पाच-सहा वर्षांनी पुन्हा येतं, आणि जुना फोटो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. एखाद्याची एक पापणी पूर्वीपेक्षा किंचित खाली आलेली दिसते. एक-दोन मिलिमीटर, जास्त नाही. तुम्ही काय करता? लिक्विफाय उघडून पापणी उचलता, दोन्ही डोळे सारखे करता. इथेही तेच म्हणतो, उचलण्याआधी विचारा.

डोळ्याची बाहुली मोठी करणारी आणि पापणी वर धरायला मदत करणारी एक नसांची साखळी मेंदूतून निघते, मणक्यातून छातीपर्यंत खाली उतरते, फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळते आणि मानेतून पुन्हा वर डोळ्यापर्यंत जाते. एवढ्याशा पापणीसाठी केवढा वळसा! या वाटेवर कुठेही दाब आला की पापणी उतरते, त्या बाजूची बाहुली बारीक होते, कधी चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येईनासा होतो. स्वित्झर्लंडच्या हॉर्नर नावाच्या नेत्रतज्ज्ञानं १८६९ मध्ये चाळिशीच्या एका शेतकरी बाईत हे टिपलं, त्याचंच नाव पडलं. फुप्फुसाच्या शेंड्यावर कॅन्सरची गाठ वाढली तर ती याच साखळीवर बसते. अशा गाठीत सुरुवातीला खोकला नसतो, रक्त नसतं. असतं ते खांद्याचं दुखणं, हाताच्या आतल्या बाजूनं करंगळीपर्यंत उतरणारं. माणूस महिनोन्‌महिने बाम चोळत, गळ्याला पट्टा लावून, खांदा आखडलाय असं समजून फिरतो. आपल्या लोकांच्या गडद तपकिरी डोळ्यांत बाहुलीचा फरक चटकन दिसत नाही, पापणीचा दिसतो.

पापणी उतरण्याची साधी कारणंही पुष्कळ आहेत, वय, मधुमेह, जुनी दुखापत. म्हणून इथे फक्त दोन प्रश्न. "काका, ही पापणी कधीपासून? खांदा, हात दुखतो का?" हो म्हणाले, त्यातून विडी-सिगारेट ओढणारे असले, तर जुना आणि नवा दोन्ही फोटो छापून हातात द्या आणि डॉक्टरांकडे धाडा. आम्ही जुने फोटो मागतोच, बहुतेकांना सापडत नाहीत. आणि पापणी एकाएकी उतरली असेल, मान किंवा डोकं जोरात दुखत असेल, दोन-दोन दिसत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना. फोटो उद्या.

संघटनांना एक विनंती. दर १९ ऑगस्टला तुम्ही जागतिक छायाचित्रण दिन साजरा करता, कॅमेऱ्याची पूजा होते, स्पर्धा होते, लेन्स कंपनीचा माणूस येऊन तासभर बोलतो. त्यातली दहा मिनिटं तालुक्यातल्या नेत्रतज्ज्ञाला द्या. पांढऱ्या डोळ्याचे चार फोटो आणि फसव्या फोटोंचे चार, एवढं मोठ्या पडद्यावर दाखवलं की काम झालं. एडिटिंगचं काम तुम्ही बाहेर देत असाल, तर त्या मुलांनाही सांगा. आजकाल कार्यक्रम इथे होतो आणि डोळे कुठल्यातरी दुसऱ्याच शहरात साफ होतात, ज्यानं बाळाला कधी बघितलेलंही नाही त्याच्या हातून.

आणि मूळ फाइली निदान मूल पाच वर्षांचं होईपर्यंत ठेवा. हार्ड डिस्कचा खर्च मला कळतो. त्या दिवशी स्टुडिओतून निघताना मी नऊच्या नऊ फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, मुलीच्या आजीला दाखवायला. दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात नातीला मांडीवर घेऊन बसली होती. फोटो बघितले, माझ्याकडे नाही बघितलं. सुनेला म्हणाली, "बघ, हाय का नाय."

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी